खडूच्या टेकड्यांवरील वाट

इंग्लंडच्या दक्षिण भागात पांढऱ्या खडूच्या टेकड्यांची एक लांबच लांब रांग आहे. तिला ‘साउथ डाउन्स’ म्हणतात. येथे ‘डाउन’ म्हणजे ‘खाली’ नव्हे. टेकडी या अर्थाचा तो जुना शब्द आहे. विंचेस्टर या प्राचीन नगरापासून ईस्टबोर्नच्या समुद्रकिनाऱ्यापर्यंत, बहुतांशी टेकड्यांच्या माथ्यावरून, सुमारे १६० किलोमीटरची वाट जाते. ती प्रथम १९७२ मध्ये खुली झाली व पुढे विंचेस्टरपर्यंत वाढवण्यात आली. पायी चालणाऱ्यास साधारणतः आठ-नऊ दिवस लागतात.

कोट्यवधी वर्षांपूर्वी येथे समुद्र होता. त्यातील अतिसूक्ष्म शैवालांची चुनायुक्त कवचे तळाशी साचून हा खडू तयार झाला. (आपल्या फळ्यावरचा खडू मात्र आज बहुधा जिप्समचा असतो.) हा खडक सच्छिद्र आहे. पावसाचे पाणी त्यावर ठरत नाही, आत झिरपते. त्यामुळे माथ्यावर ओढे नाहीत. झिरपलेले पाणी खालच्या चिकणमातीच्या थरापाशी अडते आणि पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. जुनी गावे नेमकी या झऱ्यांच्या ओळीने वसली आहेत. म्हणून वाट उंचावरून जाते आणि वस्ती खाली राहते. पाण्याची बाटली रिकामी झाली, की पुष्कळदा टेकडी उतरावीच लागते! मेंढ्यांसाठी मेंढपाळांनी माथ्यावर चिकणमाती तुडवून तळी केली. त्यांना ‘दवतळी’ म्हणतात. भरतात मात्र ती मुख्यतः पावसाने.

वाटेवरील अल्फ्रिस्टन गावात चौदाव्या शतकातील एक गवताने शाकारलेले घर आहे. मोडकळीस आलेले हे घर ‘नॅशनल ट्रस्ट’ने १८९६ मध्ये अवघ्या १० पौंडांना विकत घेऊन वाचवले. या संस्थेने विकत घेतलेली ती पहिलीच वास्तू.

ही वाट अनेक ठिकाणी खाजगी शेतांतून जाते. तरीही तेथून जाण्याचा सर्वांचा हक्क कायद्याने मान्य केलेला आहे. मालकाला तो अडवता येत नाही. पांथस्थानेही फाटक लावून घ्यायचे आणि पिकात शिरायचे नाही.

ब्रायटन शहराच्या वरच्या बाजूस या वाटेवरून एक फाटा ‘छत्री’कडे उतरतो. पहिल्या महायुद्धात जखमी झालेल्या भारतीय सैनिकांवर ब्रायटनमध्ये उपचार होत. त्यांपैकी मृत्यू पावलेल्या ५३ हिंदू व शीख सैनिकांवर या टेकडीवर अंत्यसंस्कार झाले. त्याच जागी १९२१ मध्ये संगमरवरी छत्रीचे अनावरण झाले. तिचे वास्तुशिल्पकार ई. सी. हेन्रिक्स हे मुंबईचे होते. छत्रीपर्यंत मोटारीचा रस्ता नाही. तेथे चालतच जावे लागते.