विंडोज सर्वांत शेवटी

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि घरगुती ग्राहकांना मिळालेली वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच आहे, या तारखा एव्हाना बहुतेकांच्या तोंडपाठ झाल्या असतील. ज्या यंत्रात टीपीएम २.० ही सुरक्षा चिप नाही किंवा ज्याचा प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीत बसत नाही, ते कितीही धडधाकट असलं तरी विंडोज ११ त्याला दारात उभं करत नाही. यावर लिनक्सवाल्यांचं उत्तर तयार असतं. उबुंटू टाका, मिंट टाका. पैसे लागत नाहीत, व्हायरसचा ताप कमी, जुन्या यंत्रावरही पळतं. यातलं बरंचसं खरं आहे. तरीही सरकारी कचेरी, बँक, शाळा, कारखाना यांना हाच सल्ला दिला जातो तेव्हा तो चुकीच्या टोकाकडून दिला जातो, असं माझं मत आहे. संस्थांच्या बाबतीत ऑपरेटिंग सिस्टीम बदलणं हे या कामातलं शेवटचं पाऊल असायला हवं. जगभरातली गेल्या वीस वर्षांची उदाहरणं शेजारी शेजारी ठेवली, तर तगलेल्या आणि फसलेल्या प्रयोगांतला फरक लिनक्सच्या गुणदोषांत कमी आणि या क्रमात जास्त दिसतो.

यातलं सर्वांत बोलकं उदाहरण फ्रान्सच्या जाँदार्मरीचं. हे ग्रामीण भाग आणि लहान शहरं सांभाळणारं, लष्करी शिस्तीचं पोलीस दल. तिथं लिनक्स येण्याच्या तीन वर्षं आधी, २००५ मध्ये, मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या जागी ओपनऑफिस आलं. पुढच्या वर्षी इंटरनेट एक्स्प्लोररच्या जागी फायरफॉक्स आणि ईमेलसाठी थंडरबर्ड. हे सगळं विंडोजवरच चालू होतं. त्यामुळे हवालदाराचा पडदा, स्टार्टचं बटण, फाइली ठेवायची जागा काहीच हललं नव्हतं. बदलली होती ती फक्त रोजची हत्यारं. जानेवारी २००८ मध्ये उबुंटूची घोषणा झाली, तोवर त्या माणसाचं निम्म्याहून अधिक काम लिनक्सवरही जसंच्या तसं चालेल अशा प्रोग्रॅमांत सरकलेलं होतं. निमित्त मायक्रोसॉफ्टनंच पुरवलं. एक्सपीवरून व्हिस्टावर जायचं तर तसंही प्रशिक्षण द्यावं लागणारच होतं. या बदलाचे एक सूत्रधार लेफ्टनंट कर्नल झाव्हिए गिमार यांनी नंतर सांगितल्याचा आशय असा, की वापरणाऱ्यांना जाणवलेले मोठे फरक दोनच होते, आयकॉन आणि गेम. आणि गेम ही दलाची प्राथमिकता नव्हती. फौजी माणसाचं हे उत्तर मला कुठल्याही सल्लागाराच्या शंभर पानी अहवालापेक्षा जास्त पटतं. दलानं उबुंटूत आपल्याला हवे ते फेरफार करून जेंडबुंटू नावाची स्वतःची आवृत्ती बनवली, ती सांभाळायला स्वतःची माणसं ठेवली आणि जुनी यंत्रं बाद होतील तसतशी ती पसरवली. २०२४ च्या मध्याला एक लाखाहून अधिक, म्हणजे जवळपास सगळेच कॉम्प्युटर तिच्यावर होते. सुरुवात धरली तर हे काम वीस वर्षं चाललं आहे, आणि एवढ्या काळात त्याची मोठी बातमी क्वचितच झाली.

इथं म्युनिकचा दाखला तोंडावर फेकला जाणार, आणि तो फेकलाच पाहिजे. २००३ मध्ये या जर्मन महापालिकेनं विंडोज सोडायचं ठरवलं तेव्हा मायक्रोसॉफ्टचे तत्कालीन प्रमुख स्टीव्ह बामर स्कीइंगची सुट्टी अर्धवट टाकून महापौर क्रिस्टियान ऊडे यांची मनधरणी करायला धावले होते. २०१३ पर्यंत सुमारे १५ हजार यंत्रांपैकी १४ हजारांच्या घरात यंत्रं ‘लिमुक्स’ या पालिकेच्या लिनक्स-आवृत्तीवर गेली. २०१४ मध्ये महापौर बदलले, २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टचं जर्मन मुख्यालय म्युनिक शहरात आलं आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरसभेनं विंडोजवर परतायचा ठराव केला. या घटनांची सांगड घालून जे तर्क निघायचे ते निघाले. सिद्ध काही झालं नाही. माझ्या मांडणीला अडचण आहे ती वेगळीच. म्युनिकनंही आधी ऑफिसचे प्रोग्रॅम बदलले होते, हजारो टेम्प्लेट आणि शेकडो मॅक्रो नव्यानं लिहून काढले होते. मग क्रम बरोबर असूनही गाडं का अडलं? कारण घरात कागद बदलले तरी बाहेरून येणारे कागद वर्डमध्येच येत राहिले. परवाने, कर, नोंदी यांची खास सॉफ्टवेअरं विंडोजचीच मागणी करत राहिली. आणि पालिकेचा आयटी कारभार खात्याखात्यांत विखुरलेला होता. २०१६ चा जो सल्लागार अहवाल लिमुक्सच्या विरोधात वापरला गेला, त्यातही बोट मुख्यतः या विस्कळीत व्यवस्थेवरच होतं. एखाद्याचा प्रिंटर अडला की शिव्या लिनक्सच्या पेंग्विनला बसायच्या, मग दोष कुणाचाही असो. म्हणजे कागदपत्रं आणि रोजचे प्रोग्रॅम यांच्या पंक्तीला आणखी दोन गोष्टी बसवायला हव्यात, खात्यांची खास सॉफ्टवेअरं आणि हाताशी असलेली माणसं. ही बेगमी झाल्याशिवाय विंडोजला हात लावू नये.

त्याच जर्मनीत उत्तरेकडच्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्यानं हा धडा गिरवलेला दिसतो. एप्रिल २०२४ मध्ये तिथल्या मंत्रिमंडळानं सुमारे ३० हजार कर्मचाऱ्यांची यंत्रं मोकळ्या सॉफ्टवेअरवर न्यायचं ठरवलं. पहिला क्रमांक लिब्रेऑफिसचा. मग ईमेल, ज्यात ४० हजारांहून अधिक मेलबॉक्स मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंजवरून ओपन-एक्स्चेंजवर हलवून ऑक्टोबर २०२५ मध्ये ते काम पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. ते विनासायास झालं नाही. मेल अडकल्याच्या, उशिरा पोचल्याच्या तक्रारी कर्मचाऱ्यांनी जाहीरपणे केल्या. लिनक्सची पाळी या सगळ्यानंतर ठेवली आहे. शेजारच्या डेन्मार्कची गोष्ट तर मासलेवाईक. जून २०२५ मध्ये तिथल्या डिजिटल मंत्रालयाची बातमी जगभर ‘डेन्मार्कनं विंडोज सोडलं’ अशी फिरली. मंत्रीणबाई प्रत्यक्षात ऑफिसच्या जागी लिब्रेऑफिस आणण्याबद्दल बोलल्या होत्या आणि मूळ बातमी दुरुस्त करावी लागली. मथळ्याला विंडोज हवं असतं. काम मात्र वर्ड आणि एक्सेलपाशीच सुरू होतं.

युरोपला ही घाई आत्ताच का सुटली, याचं उत्तर खर्चात नाही. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयावर अमेरिकेनं निर्बंध लादल्यावर मुख्य अभियोक्त्यांचा मायक्रोसॉफ्टवरचा ईमेल बंद पडल्याची बातमी मे २०२५ मध्ये आली. न्यायालयाची सेवा आपण थांबवलेली नाही, असा कंपनीचा खुलासा आहे. काहीही असो, न्यायालयानं पुढे जर्मनीत तयार झालेल्या ओपनडेस्क या मोकळ्या सॉफ्टवेअर-संचाची वाट धरली. आपल्याकडे तर हे मुंबईतच घडलं. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाच्या निर्बंधांच्या यादीत नाव येताच नायरा एनर्जीच्या मायक्रोसॉफ्ट सेवा बंद झाल्या. मुख्यालय मुंबईत, गुजरातेत वाडिनारला वर्षाला दोन कोटी टन क्षमतेचा तेलशुद्धीकरण कारखाना, आणि स्वतःचेच ईमेल उघडेनात. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि महिना संपायच्या आत सेवा परत सुरू झाल्या. या प्रसंगात एक बारीक गोष्ट आहे. नायराच्या टेबलांवरचं विंडोज कुणी बंद केलं नव्हतं. तुटलं ते ईमेल आणि साठवलेल्या कागदांशी असलेलं नातं. त्या यंत्रांवर उबुंटू असतं आणि ईमेल तिथंच, तरीही तेच झालं असतं. त्यानंतर दिल्लीत झोहोचा जयजयकार सुरू झाला. झोहो चेन्नईची कंपनी आहे आणि तिची उत्पादनं चांगलीही असतील. पण तिचाही कोड बंद आहे. परक्या मालकाच्या जागी देशी मालक आणणं आणि मालकाशिवाय चालेल अशी सोय करणं, या दोन गोष्टींची आपल्याकडे सरसकट गल्लत होते.

भारतानं क्रम उलटा लावून पाहिला आहे. सी-डॅकच्या चेन्नई केंद्रानं २००७ मध्ये डेबियनवर आधारलेली ‘बॉस’ ही ऑपरेटिंग सिस्टीम आणली. भारतीय भाषांची सोय तीत होती, हेतूही चोख होता. केंद्र सरकारनं २०१५ मध्ये धोरण करून मोकळ्या सॉफ्टवेअरला प्राधान्य द्या, न दिल्यास कारण नोंदवा, असंही सांगितलं. तरी कुठल्याही जिल्ह्याच्या ठिकाणी कचेरीत डोकावलं तर पडद्यावर विंडोजच दिसतं, आणि त्याची कारणं मायक्रोसॉफ्टच्या रेडमंडमध्ये शोधून सापडणार नाहीत. व्यापाऱ्याला विंडोजशी बांधून ठेवणारी हिशोबाची टॅली बंगळूरूची आहे. निविदा भरताना, विवरणपत्रावर सही करताना जी डिजिटल सहीची कांडी यूएसबीला लावतात, तिचा ड्रायव्हर विकणारा दुकानदार तो विंडोजवरच बसवून देतो. सर्वांत घट्ट गाठ तर मराठीचीच आहे. युनिकोडपूर्व काळात आणि त्यानंतरही कित्येक वर्षं श्रीलिपी, कृतिदेव, आयएसएमच्या फॉन्टांत टाइप केलेली परिपत्रकं, निकालपत्रं, ठराव, पाठ्यपुस्तकं यांचा ढीग आपण साठवला. कृतिदेवमधली फाइल तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर उघडली, की ‘म’च्या जागी रोमन लिपीतला ई दिसतो, ‘ह’च्या जागी जी, ‘र’च्या जागी जे. कारण आत साठवलेलं असतं ते रोमन अक्षरच. मराठीचा आभास फॉन्ट निर्माण करतो. अशा फाइलीत शोध लागत नाही, अकारविल्हे लागत नाही आणि फॉन्टचा परवाना संपला की मजकूरच परका होतो. शासनानं युनिकोडचे आदेश काढून कैक वर्षं लोटली, तरी टंकलेखनाच्या जुन्या सवयी सुटलेल्या नाहीत. हा ढीग युनिकोडमध्ये आणणं हे विंडोजवर बसूनही करता येणारं काम आहे आणि ते झालं की अर्धी लढाई संपते. पुढची साधनं इथंच आहेत. लोहित फॉन्टांचं बरंचसं काम रेड हॅटच्या पुण्यातल्या मंडळींनी केलं आहे. मुंबईच्या एक टाइपचा मुक्त परवान्याचा ‘मुक्ता’ अनेक मराठी संकेतस्थळांवर दिसतो.

मग केरळनं कसं जमवलं? कारण तिथं सुरुवात शाळेच्या बाकावर झाली. आयटी@स्कूल प्रकल्पातून, आता ‘काइट’ नावाच्या सरकारी कंपनीतून, शिक्षकांना आधी तयार केलं गेलं, पाठ्यपुस्तकं मोकळ्या सॉफ्टवेअरवर लिहिली गेली आणि परीक्षाही त्यावरच झाल्या. तीन हजार कोटी वाचल्याचा जो दावा काइट करते तो मात्र मला चढवलेला वाटतो. दोन लाख कॉम्प्युटर गुणिले प्रत्येकी दीड लाखाचं सॉफ्टवेअर, असा तो हिशोब आहे. शाळेच्या एका यंत्रावर दीड लाखाचं सॉफ्टवेअर छापील किमतीला कोण विकत घेतं? कंपन्या शाळांना सवलतीत, प्रसंगी फुकटही देतात, कारण उद्याचं गिऱ्हाईक तिथंच घडतं. केरळची खरी कमाई या आकड्याबाहेर आहे, आणि ती म्हणजे राज्यभर पसरलेले, यंत्र अडलं तर स्वतः हात घालणारे शिक्षक. महाराष्ट्रात त्याच सुमारास एमएस-सीआयटी हा कॉम्प्युटरचा अभ्यासक्रम सुरू झाला. लाखो लोकांनी तो केला, सरकारी नोकरीसाठी तो अनिवार्य झाला आणि त्यात शिकवलं गेलं ते प्रामुख्यानं विंडोज आणि ऑफिस. दोन राज्यांनी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी काय शिकवायचं ठरवलं, त्याचं फळ आज दोन्हीकडच्या पडद्यांवर दिसतं.

माणसांचा मुद्दा सुरक्षिततेलाही लागू आहे. कोड उघडा आहे म्हणून तो सुरक्षित, हे अर्धसत्य आहे. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या, लिनक्सवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या संपीडन साधनात मुद्दाम पेरलेलं चोरदार सापडलं. हे साधन मुख्यतः एकच थकलेला स्वयंसेवक सांभाळत होता आणि मदतनीस म्हणून शिरलेल्या अनोळखी नावानं दोनेक वर्षं विश्वास कमावून ते चोरदार बसवलं. ते उघडकीला आणलं आंद्रेस फ्रॉइंड यांनी. लॉगिनला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय एवढ्यावरून ते मुळाशी गेले. फ्रॉइंड नोकरीला मायक्रोसॉफ्टमध्ये आहेत. कोड उघडा होता म्हणून तपास करता आला हे खरं, आणि तपास करणारा माणूस पगारी होता हेही तितकंच खरं. परवान्याचे वाचलेले पैसे अशा माणसांवर न घालता थेट तिजोरीत जमा करणारी संस्था पाचेक वर्षांत विंडोजवर परतते, आणि परतताना ‘लिनक्स चालत नाही’ असं प्रमाणपत्र देऊन जाते.

घरच्या जुन्या कॉम्प्युटरला यातलं काहीच लागू नाही, हे मात्र सांगायला हवं. ज्याचं काम ब्राउझर, व्हिडिओ, बँकेचं संकेतस्थळ आणि अधूनमधून एखादं पत्र एवढंच आहे, त्याच्या मागे ना टेम्प्लेट आहेत ना खात्यांची सॉफ्टवेअरं. त्यानं मिंट किंवा उबुंटू आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहावं. त्यात हार्डडिस्कवरचं काही पुसलं जात नाही. वायफाय लागतंय का, प्रिंटर ओळखतोय का, इन्स्क्रिप्ट कीबोर्ड जोडून ‘दऱ्या’ नीट उमटतंय का, एवढं अर्ध्या तासात कळतं. फोटो आणि कागदपत्रांची प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन मगच बसवावं. त्याच यंत्रावर दुकानाची टॅली किंवा सहीची कांडी चालत असेल, तर मात्र थांबावं आणि आधी त्या दोघांची सोय लावावी.