घर बांधण्यापूर्वींची जागा

पै पै सांठवून गांवाबाहेर दोन गुंठे जागा घ्यावी, आणि तिच्यावर घर उभारण्यास मात्र आणखी चार-पांच वर्षें लागावीं, अशी अनेक कुटुंबांची स्थिति असते. खरेदीखत होतें, कागद पेटींत जातात, आणि जागा देवाच्या हवालीं होते. या मधल्या वर्षांत तिचें काय करावें, याविषयीं आज थोडें बोलावयाचें आहे.

ही चूक मींही केली आहे. पुण्याच्या पूर्वेस घेतलेल्या आमच्या जागेकडे आम्ही दोन वर्षें फिरकलों नाहीं. तिसऱ्या वर्षीं जाऊन पाहतों, तों कोपऱ्यांत कोणाच्या तरी पाडलेल्या भिंतीचा राडारोडा, मधोमध कमरेइतकें गाजरगवत, आणि हद्दीच्या चार दगडांपैकीं दोन नाहींसे! जागा रिकामी कधींच राहत नाहीं. आपण वापरली नाहीं तर दुसरा कोणी वापरतो, हा धडा त्या दिवशीं मिळाला.

म्हणून पहिलें काम हद्दीचें. भूमि अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी, दगड पक्के रोवावे व कुंपण घालावें. शेजाऱ्यास भाजीपाला लावण्यास जागा द्यावयाची असेल तर खुशाल द्यावी. परंतु ती आपल्या परवानगीनें आणि ठराविक मुदतीपुरती दिली आहे, असा लेख करून ठेवावा. मालकाच्या हक्काविरुद्ध बारा वर्षें उघडपणें चाललेला ताबा १९६३ च्या मुदतीच्या कायद्यान्वयें मालकाचा दावाच बुडवूं शकतो. परवानगीनें दिलेला ताबा तसा विरुद्ध ताबा ठरत नाहीं.

दुसरें काम केवळ पाहण्याचें. निदान एक पावसाळा जागेवर जाऊन पाणी कोठून येतें, कोठें तुंबतें व कोणीकडे वाहून जातें, तें पाहावें. एका गुंठ्यावर एक सेंटिमीटर पाऊस पडला कीं सुमारें एक हजार लिटर पाणी होतें. तें घराच्या पायाशीं मुरवावयाचें कीं त्यापासून दूर न्यावयाचें, हें बांधकामापूर्वींच ठरलें पाहिजे. काळी माती पावसांत फुगते आणि उन्हाळ्यांत आकसून भेगाळते. अशा मातीवर उथळ पाया घातला तर भिंतींना तडे जातात. उन्हाळ्यांत पडलेल्या भेगा पाहिल्या म्हणजे इंजिनियरास कोणता प्रश्न विचारावा हें आपोआप कळतें. पुण्यास मेच्या मध्यास दुपारचा सूर्य डोक्यावर असतो, तर डिसेंबरांत तो दक्षिणेस पुष्कळच कलतो. बैठकीची खोली कोठें असावी व पश्चिमेचें ऊन कोठें अडवावें, हें तेथें उभें राहिल्यानें जितकें उमगतें तितकें नकाशावरून उमगत नाहीं.

तिसरें काम मातीचें. पुण्यांत १९५५ च्या सुमारास नजरेस आलेलें गाजरगवत पुढें देशभर पसरलें. त्याच्या स्पर्शानें कित्येकांच्या अंगास खाज सुटते. म्हणून तें फुलावर येण्यापूर्वींच, हातमोजे घालून, मुळासकट उपटावें. नंतर पहिल्या पावसावर ताग दाट पेरावा. तो तणास डोकें वर काढूं देत नाहीं, त्याच्या मुळांवरील गांठी हवेंतील नत्र धरून ठेवितात, आणि सहा-सात आठवड्यांनीं फुलावर येतांच मातींत गाडला म्हणजे उत्तम हिरवळीचें खत होतें. पुढील हंगामापासून भेंडी, गवार, घेवडा घेतां येतो. पाया खणतांना मात्र वरची वीतभर माती निराळी काढून ठेवण्यास विसरूं नये. तीच पुढें बागेस लागते.

चौथें काम झाडांचें, आणि येथें घाई नडते. घर कोठें येणार याची रेघ आधीं आंखावी, मगच खड्डे घ्यावे. शहरी भागांत झाड तोडण्यास १९७५ च्या महाराष्ट्राच्या कायद्यान्वयें परवानगी लागते. तेव्हां आज हौसेनें मधोमध लावलेलें झाड उद्यां घराच्या आड येतें. वड, पिंपळ, उंबर लहान जागेंत लावूंच नयेत. त्यांचीं मुळें पाया व नळ यांना सोडीत नाहींत. पश्चिमेच्या बाजूस, भिंतीपासून पुरेसें अंतर राखून, कडुनिंब लावावा. कुंपणाशीं शेवगा लावावा, तो वर्षाच्या आंत-बाहेर शेंगा देतो.

आम्ही हें सर्व तिसऱ्या वर्षीं आरंभिलें. ईशान्येच्या कोपऱ्यांत तीन-तीन दिवस पाणी साचतें, हें त्याच पावसाळ्यांत दिसलें, आणि नकाशांत तेथें दाखविलेलें स्वयंपाकघर आम्ही हलविलें. घर बांधून झालें तेव्हां पश्चिमेचा कडुनिंब छपराच्या कडेस टेकला होता. पैसा सांठेपर्यंत थांबणें प्राप्त होतें. परंतु जागेस आमच्याबरोबर थांबवून ठेवण्याचें कांहींच कारण नव्हतें.