क्रांतिक स्तर, भूपृष्ठाचा

वृक्षांच्या शेंड्यांपासून भूजलाच्या तळापर्यंतचा भूपृष्ठाचा सजीव थर. वनस्पती, मृदा, अपक्षय झालेला खडक व भूजल यांचा त्यात समावेश होतो. जमिनीवरील जीवसृष्टीस लागणारे अन्न व गोडे पाणी प्रामुख्याने या थरातून मिळते. म्हणून त्यास क्रांतिक म्हणजे निर्णायक म्हणतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या २००१ मधील अहवालामुळे ही संज्ञा रूढ झाली.

पावसाचे पाणी मृदेतून झिरपताना तेथील कार्बन डाय-ऑक्साइड त्यात विरघळून सौम्य कार्बॉनिक अम्ल बनते. त्याच्या विक्रियेने फेल्स्पारसारख्या खनिजांचे मृत्तिका-खनिजांत रूपांतर होते आणि कॅल्शियम, पोटॅशियम इ. पोषक द्रव्ये मोकळी होतात. मुळे व सूक्ष्मजीव या क्रियेस गती देतात. तथापि १ सेंमी. जाडीची मृदा तयार होण्यास शेकडो वर्षे लागू शकतात. उघड्या उतारावरून तेवढीच मृदा थोड्या पावसाळ्यांत वाहून जाऊ शकते.

मृदाविज्ञान, जलविज्ञान, भूविज्ञान व जीवविज्ञान यांची निरीक्षणे वेगवेगळी राहिल्यास या क्रियांचा परस्परसंबंध ध्यानात येत नाही. म्हणून एकाच पाणलोट क्षेत्रात पर्जन्य, बाष्पोत्सर्जन, मृदेतील ओलावा, भूजलपातळी व पाण्याचे रासायनिक संघटन यांची दीर्घकाळ नोंद ठेवतात. अशा पहिल्या वेधशाळा अमेरिकेत २००७ मध्ये स्थापन झाल्या.

भारतात कावेरीची उपनदी कबिनी हिच्या खोऱ्यात बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था व फ्रेंच शास्त्रज्ञ संयुक्तपणे असा अभ्यास करतात. बंडीपूरच्या अरण्यातील मूलेहोळे (सु. ४ चौ. किमी.) व शेतीखालील बेरंबाडी (सु. ८४ चौ. किमी.) ही त्यातील दोन पाणलोट क्षेत्रे होत. दोन्हींतील खडक मुख्यतः पट्टिताश्म आहे. मूलेहोळे येथे वृक्षांची मुळे अपक्षय झालेल्या खडकात खोलवर जाऊन पाणी शोषतात. त्यामुळे भूजलाचे पुनर्भरण लांबणीवर पडते. बेरंबाडीत विंधन विहिरींच्या उपशाने भूजलपातळी ओढ्याच्या तळाखाली गेली व ओढ्यास मिळणारा भूजलाचा पुरवठा तुटला. खतांतील नायट्रेट भूजलात उतरते आणि सिंचनाबरोबर पुन्हा शेतात येते. तरीही खताची मात्रा ठरविताना ते हिशेबात घेतले जात नाही.

यावरून मृदा, पाणी व पीक यांचे नियोजन एकत्रच करावे लागते, हे स्पष्ट होते. उपसा पुनर्भरणाच्या व धूप मृदानिर्मितीच्या मर्यादेत राहिली, तरच या थराची उत्पादनक्षमता टिकते.