नटबोल्ट आणि काना-मात्रा

भोसरीतल्या एखाद्या छोट्या वर्कशॉपमध्ये 'एम-दहाचा बोल्ट' म्हटलं, की फारसं समजावून सांगावं लागत नाही. व्यास १० मिलिमीटर, नेहमीचे आटे दीड मिलिमीटर अंतरावर. तो चाकणला बनलेल्या नटात बसतो आणि जर्मनीतल्या नटातही. कारण आट्यांची मापं कुणा एका कारखानदाराच्या कपाटात कुलूपबंद नाहीत; ती छापलेली आहेत, कुणीही वापरावीत. एकानं दर वाढवला, तर खरेदीखातं दुसऱ्याकडं जातं. खुलं मानक म्हणतात ते हेच.

आता हाच न्याय सरकारी कचेरीतल्या संगणकाला लावू. नव्वदच्या दशकात आणि पुढंही बरीच वर्षं मराठी टायपिंग चाले ते फाँटच्या आधारानं. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले. काना वेगळा, अर्धा श वेगळा. कागदावर छान छापून येई, पण संगणकाच्या लेखी ते मराठी नव्हतंच. शिवाय प्रत्येक कंपनीची बसवणूक निराळी. माझ्या काही कविता एका टायपिस्टनं अशा फाँटात उतरवल्या होत्या. पुढं दुसऱ्या संगणकावर फाइल उघडली, तर नुसता इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला! मराठी साहित्याचं त्यानं फार बिघडलं नाही. पण जन्माचे दाखले, मालमत्तेच्या नोंदी अशाच साठवल्या असतील तर? दुसऱ्या फाँटात 'शेख' लिहून शोधलं, तर नोंद असूनही सापडायची नाही. कंत्राट संपल्यावर नवी कंपनी आणायची, तर आधी जुन्या नोंदी उलगडून घ्यायला हव्यात. किल्ली जुन्या कंपनीकडं, म्हणजे दरही तीच सांगणार. निविदा कागदावर खुली. आत जायचं दार एकच.

मानकच नव्हतं, असं मात्र नाही. भारतीय मानक ब्यूरोचं 'इस्की' १९९१ सालचं. त्याच्याच आधीच्या आवृत्तीवरून युनिकोडमधल्या देवनागरीची मांडणी घेतली गेली. युनिकोडमध्ये 'क'चा क्रमांक २३२५, मग फाँट कुठलाही असो. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांतला फरकही त्यात लिहिता येतो. लग्नघरी तो फार महत्त्वाचा!

केंद्र सरकारनं नोव्हेंबर २००९ मध्ये ई-प्रशासनासाठी युनिकोड ठरवून दिलं आणि नोव्हेंबर २०१० मध्ये खुल्या मानकांचं धोरण जाहीर केलं. मानकाचा तपशील सर्वांना मिळावा, त्यावर स्वामित्वशुल्क नसावं, ते नफ्यासाठी न चालणाऱ्या संस्थेनं सांभाळावं, अशा त्यातल्या अटी. धोरण नव्या प्रणालींना आणि जुन्यांच्या नव्या आवृत्त्यांना लागू. योग्य मानक नसेल तिथं सवलतही आहे. माझ्या मते खरी मेख इथंच. सवलतीची वाट एकदा दिसली, की घाईतल्या खात्याला तीच राजमार्ग वाटते.

म्हणून निविदेतलं एक कलम नागरिकांनीही वाचावं: कंत्राट संपताना सगळ्या नोंदी युनिकोडमध्ये, त्यांच्या मांडणीच्या तपशिलासह, वेगळा मोबदला न घेता परत मिळणार आहेत का? पिंपरी-चिंचवडमध्ये असे हजारो लोक राहतात, जे कारखान्यात ड्रॉइंगवर माप नसेल तर मालच उचलत नाहीत. हा प्रश्न त्यांना समजावून सांगावा लागणार नाही.