व्हॉल्व्हचा मुहूर्त

मिनिटाला ६००० फेरे घेणाऱ्या इंजिनात हवेचा व्हॉल्व्ह एका वेळी किती काळ उघडा राहत असेल? सेकंदाचा साधारण दीडशेवा भाग. तेवढ्यात १२०० सीसीच्या चार सिलिंडरी गाडीतल्या एकेका सिलिंडरला जवळजवळ ३०० मिलिलिटर हवा आत ओढायची असते, आणि हा उद्योग सेकंदाला ५० वेळा चालतो. हवा शिरते ती ताशी दीडशे किलोमीटरच्या पुढच्या वेगाने. हे सगळं वेळापत्रक कोरलेलं असतं एका लोखंडी दांडीवर, कॅमशाफ्टवर. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा तिचा एक होतो, आणि तिच्यावरचे लोब म्हणजे उंचवटे फिरता फिरता व्हॉल्व्हला आठ-दहा मिलिमीटर ढकलतात. बस, एवढंच.

आता ही दांडी येते कुठून ते पाहू. कन्नड गावावरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५२ उत्तरेला औट्रम घाट उतरून चाळीसगावला जातो. तोच रस्ता दक्षिणेला धरून संभाजीनगर, बीड, धाराशिव मागे टाकत गेलं की सोलापूर लागतं. चादरींच्या या गावात १९९२ साली ‘प्रिसिजन कॅमशाफ्ट्स’ सुरू झाली आणि आज देशोदेशीच्या मोटार कंपन्यांना कॅम पुरवते. घाटात धापा टाकणाऱ्या एखाद्या गाडीतली कॅम याच रस्त्यावर सोलापुरात ओतलेली असू शकते!

ही ओतकामाची युक्ती पाहण्यासारखी आहे. वाळूच्या साच्यात वितळलेलं लोखंड ओततात, पण जिथे लोब यायचे तिथे आधीच धातूचे तुकडे बसवलेले असतात. त्यांना टेकलेलं लोखंड झटक्यात थंड होतं, पांढरं पडतं आणि अतिशय कडक बनतं. बाकीची दांडी सावकाश निवते, करडी राहते, तिच्यावर यंत्रकाम सहज करता येतं. एकाच ओतात, एकाच दांडीत दोन स्वभाव. लाखो किलोमीटर घासूनही लोब झिजत नाही, तो या पांढऱ्या, कडक कातडीमुळे.

आता मूळ गंमत. पिस्टन खाली पोचून पुन्हा वर निघाला की हवेचा व्हॉल्व्ह बंद व्हायला हवा, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात तो त्यानंतरही काही काळ उघडाच ठेवतात, कारण वेगात आलेल्या हवेला थांबणं जमत नाही. सुटायच्या बेतात असलेल्या एसटीचं दार क्षणभर उघडं राहिलं, तर धावत आलेले चार-पाच जण आत घुसतातच. पण स्टँडवर निवांतपणा असताना दार तसंच उघडं ठेवलं, तर आत बसलेलेच चहाला उतरतात. इंजिनाचंही तसंच. ६००० फेऱ्यांना उशिरा बंद होणारा व्हॉल्व्ह जास्त हवा कोंडतो, २००० फेऱ्यांना तोच उशीर आलेली हवा परत बाहेर ढकलतो. साध्या कॅमवर यांतला कुठला तरी एकच मुहूर्त कोरता येतो, म्हणून जुन्या गाड्या एक तर खाली दमदार असायच्या, नाही तर वर.

मुहूर्त हलवायची सोय बाजारातल्या गाडीत पहिल्यांदा आणली ती अल्फा रोमिओने, १९८० मध्ये. आपल्याकडे २०११ च्या स्विफ्टमधल्या पेट्रोल इंजिनात ‘व्हीव्हीटी’ आली आणि ही अक्षरं गावोगावच्या गॅरेजांत पोचली. कॅमच्या टोकाला एक जाड चकती असते, तिला फेझर म्हणतात. बाहेरच्या दात्यांवर टायमिंग चेन, आत कॅमला जोडलेली पाती, आणि पात्यांच्या दोन्ही अंगांना इंजिनाचंच ऑइल. कॉम्प्युटर एका छोट्या झडपेतून ऑइल या बाजूला किंवा त्या बाजूला सोडतो, पाती सरकतात, आणि धावत्या इंजिनात अख्खी कॅम चेनच्या पुढे-मागे होते. ऑइल बदलायला आळस करणाऱ्याची व्हीव्हीटी आधी का रुसते, ते यातून कळावं. झडपेच्या तोंडची बारीक जाळी मळीने बुजते, दुसरं काही नाही.

फेझर हलवतो तो मुहूर्त. लोबचा आकार तसाच राहतो. व्हॉल्व्ह किती उचलायचा आणि किती वेळ धरायचा, हे लोबच ठरवतो. हौशी मंडळी इथेच हात घालतात. बाजारातली चढी कॅम व्हॉल्व्ह जास्त वेळ आणि जास्त उंच उघडते. कधी जुनीच कॅम घासून घेतात, आणि त्यात मौज अशी की लोब उंच करायचा तर घासायची त्याची पाठ. टोकाला हात न लावता पाठीकडचा गोल भाग लहान केला की टोक आपोआप उंच ठरतं. मात्र घासता घासता ती पांढरी कातडी संपली, की लोब झिजायला वेळ लागत नाही.

खरी अडचण फेझरची. मूळ कॅमच्या मापाने कंपनीने त्याला ऐसपैस सरकायची मुभा दिलेली असते. त्याजागी चढी कॅम बसवली आणि कॉम्प्युटरने तिला पूर्ण पुढे नेलं, तर उघडा व्हॉल्व्ह वर येणाऱ्या पिस्टनला भिडतो. मग हेड खोला, वाकलेले व्हॉल्व्ह मोजा. अमेरिकेत मोठ्या व्ही-८ इंजिनांसाठी फेझरची हालचाल रोखणारे अटकाव मिळतात. साठेक अंशांची मुभा वीसेक अंशांवर येते. शिवाय कडक स्प्रिंगा हव्यात, कॉम्प्युटरचा नकाशा नव्याने लिहायला हवा. आणि हवेचा व धुराचा असे दोन्ही व्हॉल्व्ह जास्त वेळ एकत्र उघडे राहिले, की आयडलिंग लंगडतं, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे निसटतं. पीयूसीवाला नेमकं आयडलिंगलाच मोजतो.

चाळीसगावकडून घाट चढणाऱ्या गाडीचं काय होतं ते पाहा. भरलेली गाडी, दुसरा-तिसरा गिअर, २००० ते ३००० फेरे. इथे फेझर हवेची कॅम पुढे ओढतो, व्हॉल्व्ह लवकर बंद होतो, आलेली हवा आतच राहते आणि गाडी ओढते. चढी कॅम टाकली तर व्हॉल्व्ह मुळातच उशिरा मिटतो, आणि पिस्टन वाचवायला फेझर बांधून ठेवल्यामुळे हा उशीर भरून काढायची वाटही अर्धी बंद. जो दम विकत घेतला तो पाच-साडेपाच हजारांच्या पुढे, आणि औट्रम घाटाच्या वळणांवर तिथवर सुई नेणारा एक तर कसलेला ड्रायव्हर असावा, नाही तर फार तरुण. माझं मत विचाराल तर घाटाच्या गाडीला कंपनीची कॅम आणि स्वच्छ ऑइल पुरे.

ज्यांना दोन्ही हवं त्यांच्यासाठी होंडाने १९८९ मध्येच वाट काढली होती: एकाच दांडीवर दोन आकारांचे लोब. २०१८ पासून आपल्याकडे विकल्या गेलेल्या यामाहा आर-१५ च्या तिसऱ्या पिढीत १५५ सीसीच्या इवल्या इंजिनात हेच आहे. ७४०० फेऱ्यांना एक खिळी सरकते, व्हॉल्व्ह दाबणारे दोन रॉकर एकमेकांत अडकतात आणि हवेच्या व्हॉल्व्हचा ताबा मोठ्या लोबकडे जातो. कॉलेजच्या पोरांच्या ज्या आर-१५ कन्नडवरून चाळीसगावकडे जातात-येतात, त्यांचा तो मोठा लोब घाटाच्या चढणीत बहुतेक वेळ नुसताच फिरत असतो.