पर्समधला निखारा

मैत्रिणींनो, बायकांच्या पर्समध्ये काय काय सापडतं, यावर आजवर पुष्कळ विनोद झाले आहेत. माझी पर्सही त्याला अपवाद नाही. घराच्या किल्ल्यांचा जुडगा, सुटी नाणी, रुमाल, डोकेदुखीची गोळी, शाळेतला खडूचा तुकडा, शिवाय मुलांच्या खिशात न मावणारं सगळं. पण माझ्या पर्समध्ये एकदा चक्क निखारा निघाला! तीच हकीकत आज सांगायची आहे.

गेल्या वर्षी मे महिन्यात भाच्याच्या मुंजीसाठी आम्ही साताऱ्याहून कोल्हापूरला निघालो होतो. आमच्या यांना फोटोची फार हौस. निघायच्या गडबडीत त्यांनी फ्लॅशचे चार चार्ज केलेले पेन्सिल सेल आणि कॅमेऱ्याची जादा बॅटरी माझ्या हातात कोंबली. "तुझ्या पर्समध्ये टाक गं, माझ्या बॅगेत हरवतील." मीही टाकली. अहो, हळदीकुंकवाच्या पुड्यांपासून रेल्वेच्या तिकिटापर्यंत सगळं जिथे राहतं, तिथे चार सेलचं काय ओझं?

एस.टी.त धाकटा माझ्या मांडीवरच्या पर्सवर डोकं ठेवून झोपला होता. कराड मागे पडलं आणि तो कुरकुरत उठला. "आई, तुझी पर्स भाजते." मला वाटलं, खिडकीतून ऊन येतंय. मी त्याला दुसऱ्या बाजूला घेतलं. दोनच मिनिटांत प्लॅस्टिक जळल्यासारखा वास आला. पर्स उघडून हात घातला तो किल्ल्यांवर पडला आणि बोटं चांगलीच पोळली. पर्स खाली पायाशी टाकली, रुमालाने धरून किल्ल्या बाहेर ओढल्या. दोन सेल हात लावू नये इतके तापले होते. अस्तराला रुपयाएवढं भोक पडलं होतं. पोराचा गाल तिथेच टेकलेला होता, हे आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

यांचा चेहरा तर पांढराफटक पडला. "चूक माझी," एवढंच म्हणाले. पण खरं सांगू? चूक दोघांचीही होती. बॅटरी म्हणजे पुरुषांचा विषय, असं मी आजवर धरून चालले होते. घरात गॅसचं बटण, दुधाचं भांडं, औषधांचा डबा यांवर आपली नजर असते. मग घरात पंधरा-वीस सेल आणि बॅटऱ्या पडलेल्या असतात, त्यांच्यावर का नसावी?

असं झालं तरी कसं?

आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी मधल्या सुट्टीत मला हे समजावून दिलं. सेलला दोन टोकं असतात, एक धन आणि एक ऋण. त्या दोन टोकांना किल्ली, नाणं, साखळी किंवा पिन अशी धातूची वस्तू एकदम टेकली, की सगळी वीज त्या वाटेने धावत सुटते. मध्ये दिवा नाही, फ्लॅश नाही, तिला अडवायला काहीच नाही. मग त्या शक्तीची उष्णता होते. यालाच आपण 'शॉर्ट झालं' म्हणतो. सेल जितका भरलेला, तितकी आच जास्त.

माझे पेन्सिल सेल होते, म्हणून अस्तरावर निभावलं. कॅमेऱ्याची चपटी बॅटरी असते ती लिथियम-आयन जातीची. १९९१ साली ती पहिल्यांदा बाजारात आली आणि २०१९ साली ती घडवणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. मोबाइल, लॅपटॉप, पॉवर बँक, सगळ्यांत आज तीच आहे. लहान जागेत पुष्कळ शक्ती साठवते, हा तिचा गुण. पण आतला द्रव ज्वलनशील असतो, त्यामुळे ती बिघडली, चेपली किंवा फार तापली तर पेटू शकते. चांगल्या बॅटरीत तिला आवरणारी छोटी यंत्रणा असते. रस्त्यावरच्या स्वस्त नकलेत ती असेलच, याचा भरवसा नाही. म्हणून शंभर-दोनशे रुपये वाचवायला ही वस्तू घेऊ नये.

जवळ बाळगताना

बॅटरीसोबत आलेलं प्लॅस्टिकचं झाकण आपण पहिल्याच दिवशी हरवतो. ते जपा. हरवलंच असेल, तर बॅटरीच्या धातूच्या पट्ट्यांवर चिकटपट्टी लावा आणि प्रत्येक बॅटरी वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला. पेन्सिल सेलसाठी चार खणांची प्लॅस्टिकची डबी दुकानात मिळते. नाही मिळाली, तर प्रवासातली साबणाची कोरडी डबी घ्या. आत फडक्याची घडी घालून सेल शेजारी शेजारी, तोंडं एकाच बाजूला करून ठेवा. पत्र्याची डबी मात्र नको.

भरलेली कोणती आणि संपलेली कोणती, हा घोळ ऐन समारंभात होतो. माझी युक्ती सोपी आहे. भरलेल्या बॅटरीला रबर बँड लावायचा, वापरली की काढून टाकायचा. अक्षता पडत असताना विचारायला नको!

उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत बॅटऱ्या कधीही ठेवू नका. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बंद गाडीची भट्टीच होते.

विमानाने जाताना

सध्या लेकीकडे, भावाकडे विमानाने जाणं पुष्कळ घरांतून होतं, म्हणून हे लक्षात ठेवा. जादा लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक सामानात जमा करायच्या मोठ्या बॅगेत चालत नाहीत. त्या हातातल्या बॅगेतच, टोकं झाकून न्यायच्या असतात. कारण साधं आहे. वर आपल्याजवळ धूर निघाला तर कर्मचारी लगेच विझवू शकतात. खाली सामानाच्या कप्प्यात कोण बघणार?

बॅटरीची मर्यादा 'वॉट-अवर'मध्ये मोजतात. १०० पर्यंत सहसा वेगळी परवानगी लागत नाही. १०० ते १६० असेल तर विमान कंपनीची संमती हवी, आणि अशा जादा बॅटऱ्या दोनच नेता येतात. त्यापुढची नेता येत नाही. आकडा छापलेला नसेल तर गणित सोपं आहे. एमएएचचा आकडा हजाराने भागून व्होल्टने गुणायचा. आमच्या कॅमेऱ्याची बॅटरी १५०० एमएएच आणि ७.२ व्होल्टची, म्हणजे १०.८ वॉट-अवर. १०,००० एमएएचची ३.७ व्होल्टची पॉवर बँक ३७ वॉट-अवर. किती नग न्यायचे आणि पॉवर बँक विमानात वापरायची की नाही, याचे नियम कंपनीगणिक बदलतात, ते निघण्यापूर्वी वाचावेत. आणि एक गोष्ट. जागा नाही म्हणून ऐनवेळी दारातच हातातली बॅग मागून घेतली, तर आधी बॅटऱ्या बाहेर काढा.

घरात ठेवताना

महिनोन्‌महिने वापरायची नसेल, तर लिथियमची बॅटरी कॅमेऱ्यातून काढून साधारण अर्धी भरलेली ठेवावी. पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी ठेवली तर तिचं आयुष्य घटतं. दोन-तीन महिन्यांनी आठवणीने पाहावी. जागा कोरडी आणि थंड हवी. देवघराच्या समईजवळ, गॅसच्या ओट्यावर किंवा खिडकीच्या उन्हात नको. फ्रिजमध्येही नको, बाहेर काढल्यावर तिच्यावर दव धरतं.

चार्जिंग आपण जागे असताना आणि कडक, मोकळ्या जागी करावं. गादीवर, उशीखाली कधीच नाही. पेन्सिल सेल टाकताना जुने-नवे एकत्र करू नयेत. साधे सेल चार्जरमध्ये घालू नयेत. साधा सेल ओघळून पांढरी पूड जमली, तर हातमोजे घालून सेल काढावेत आणि व्हिनेगरमध्ये किंचित बुडवलेल्या कापसाने ती जागा पुसावी.

बॅटरी फुगली, पापडासारखी टम्म झाली, तर ती दाबू नका, टोचू नका, पुन्हा चार्ज करू नका. जळणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर द्या. ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकली, तर कचरागाडीत ती चेपून पेटू शकते. तो कचरा हाताने निवडणाऱ्या बायकाही आपल्यासारख्याच आया आहेत. चार्ज होताना धूर आलाच, तर हात न लावता मेन स्विच बंद करा, मुलांना बाहेर काढा आणि १०१ किंवा ११२ ला फोन करा.

ज्यांच्या घरी लहान मूल आहे, त्यांनी एवढं तरी वाचावंच. रिमोटमध्ये, वजनकाट्यात असतो तो नाण्यासारखा चपटा बटण सेल मुलाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतच आत गंभीर जखम होऊ शकते. 'शी वाटे पडेल' म्हणून थांबू नका, उलटी करवू नका. ताबडतोब क्ष-किरणाची सोय असलेल्या रुग्णालयात न्या.

मुंज छान झाली. फोटोही आले. माझ्या बोटांना मलम लावलेलं त्यात दिसतं, आणि बटूपेक्षा त्याचीच चौकशी जास्त होते! ती जळकी पर्स मी टाकलेली नाही. कपाटात वरच्या खणात आहे. हे कॅमेरा घेऊन निघाले, की आता स्वतःच साबणाची डबी शोधतात.

तेव्हा आज दुपारी कामं आवरल्यावर एवढं करा. आपली पर्स पलंगावर उपडी करा, आणि त्यानंतर घरातला तो 'सटरफटर'चा खण. मोकळा सेल कुठे किल्ल्यांत लोळतोय का, ते पाहा. पंधरा मिनिटांचं काम आहे.