पंप ओढून दाखवा बघू

छातीच्या वॉर्डात नवा पेशंट आला की मी आधी त्याला त्याचा पंप ओढून दाखवायला सांगते. फाइल नंतर. कुणी पंप हलवतच नाही. कुणी आधी दाबतो आणि श्वास मागाहून घेतो, म्हणजे औषध सगळं जिभेवर. एक आजी तर रोटाहेलरच्या, म्हणजे पावडर ओढायच्या यंत्राच्या, कॅप्सूल पाण्याबरोबर गिळत होत्या. कुणी दाखवलंच नव्हतं, त्या तरी काय करणार?

पंप हलवायचा, श्वास सोडायचा, स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) ओठांत घट्ट धरून एकदाच दाबायचं, सावकाश ओढायचं आणि दहा आकडे होईपर्यंत रोखायचं. कॅप्सूलच्या यंत्रात मात्र जोरात ओढायचं. त्यात फुंकलं की पावडर दमट होते.

"सिस्टर, पंपाची सवय लागते म्हणे, गोळीच द्या ना." हे रोजचंच. मग मी हिशेब मांडते. साल्ब्युटामॉलची ४ मिलिग्रॅमची गोळी म्हणजे ४००० मायक्रोग्रॅम. पंपाचा एक पफ १०० चा. गोळी अंगभर फिरते, म्हणून हात थरथरतात, छाती धडधडते. पफ थेट श्वासनळ्यांत जातो आणि पाचेक मिनिटांत त्या सैल करतो.

खरा घोळ पुढेच. लगेच बरं वाटतं म्हणून हाच पंप लाडका, आणि ब्युडेसोनाइडचा, म्हणजे स्टिरॉइडचा, पंप कपाटात. दम्यातली सूज उतरवतो तो हा दुसरा. फक्त त्याचा गुण यायला दिवस, कधी आठवडे लागतात. (तो घेतल्यावर चूळ भरा, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरते.) मोठ्यांच्या दम्याला नुसता साल्ब्युटामॉल नको, असं 'जीना' ही जागतिक मार्गदर्शिका २०१९ पासून सांगते.

सीओपीडीचं, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराचं, वेगळं. बिडी ओढलेले आजोबा येतात, तशा चुलीपुढे जन्म गेलेल्या आजीही. त्यांना मुख्यतः टायोट्रोपियमसारखी नळ्या उघड्या ठेवणारी औषधं. थिओफायलिनची गोळी चालू असेल तर मळमळ, धडधड मी विचारतेच. ऑक्सिजन मात्र बेतानं: बोटावरच्या यंत्रातला ऑक्सिजनचा आकडा बहुधा ८८ ते ९२ मध्ये ठेवायचा असतो, जास्त दिला तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठून पेशंट पेंगुळतो. नातेवाइकांना ९० बघवत नाही. रात्री कुणीतरी हळूच फ्लोमीटर वाढवून ठेवतं, आणि सकाळी विचारलं तर कुणीच हात लावलेला नसतो.